ठिबकचं अनुदान: काटोलकडच्या संत्रावाल्यांसाठी

राजेहो, संत्र्याची बाग असेल तर हे अनुदान सोडू नका. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होते, फी २३ रुपये ६० पैसे, अन् केंद्राचं-राज्याचं मिळून पाच एकरापर्यंतच्या शेतकऱ्याला ८० टक्के, त्याच्यावर जमीन असेल तर ७५. पण एक नीट समजून घ्या, हे टक्के सरकारनं ठरवलेल्या मापदंडावर मिळतात, दुकानदाराच्या बिलावर नाही, म्हणून कोटेशन दोन-तीन ठिकाणचं घ्याच. आणि कृषी खात्याची पूर्वसंमती आल्याशिवाय एक नळीसुद्धा विकत घेऊ नका, आधी घेतली की अनुदान गेलं.

आमच्या बागेत झाडाभोवती नळीचं गोल कडं टाकलं, बुंध्यापासून लांब. भर मे महिन्यात कड्याखालची माती ओली अन् दोन ओळींच्या मधात कोरडी खट्ट, त्यामुळे तणही कमी, अन् आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलांच्या फळांची) गळ यंदा कमी वाटली.

खटकलं ते एवढंच की पूर्ण पैसे आधी आपणच भरायचे, मग तपासणी, मग आधार जोडलेल्या खात्यात रक्कम. दोन एकरवाल्यानं तेवढे दिवस पैसा आणायचा कुठून? सरकारनं हे बदलायलाच पाहिजे. माझ्याकडून चार स्टार.