ओल्ड ट्रॅफर्ड की ब्रॉडहर्स्ट पार्क?

मँचेस्टरमध्ये शिकायला गेलेला एक मित्र शनिवारचा फुटबॉल सामना कुठे पाहावा, या पेचात आहे. ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर खेळणाऱ्या मँचेस्टर युनायटेडचे तिकीट महाग असते आणि सभासद होऊनही ते मिळेलच असे नाही; मॉस्टन भागातील ब्रॉडहर्स्ट पार्कवर खेळणाऱ्या, इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या स्तरावरील एफ. सी. युनायटेडचे तिकीट सहज आणि स्वस्तात मिळते. खेळाचा दर्जा निर्विवादपणे ओल्ड ट्रॅफर्डचाच. आपलेपणाचे पारडे मात्र उलट झुकते: २००५ साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने मूळ क्लब, म्हणजे मँचेस्टर युनायटेड, ताब्यात घेतल्याच्या निषेधार्थ चाहत्यांनी उभारलेल्या या क्लबात प्रत्येक सभासदाला एकच मत आहे, आणि कठड्याशी उभे राहिले की बचावपटूंच्या एकमेकांना घातलेल्या हाकाही स्पष्ट ऐकू येतात. उच्च दर्जाचा खेळ पाहायचा असल्यास वर्षातून एकदा ओल्ड ट्रॅफर्ड गाठावे. नेमाने जाऊन एखाद्या संघाचे व्हायचे असल्यास मॉस्टनची वाट धरावी.