निवृत्तीनंतर सोलापुरात: कसब्यातलं घर की विजापूर रोडचा फ्लॅट?

साठीनंतरही सोलापूर सोडायचं नाही, हे ज्यांचं पक्कं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्याला मुलाकडे जावं की नाही हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही. गावातलं वडिलोपार्जित घर ठेवून तिथंच राहावं, की जुळे सोलापूर, विजापूर रोडकडे लिफ्टवाला फ्लॅट घ्यावा, एवढंच बोलू. आम्ही उत्तर कसब्यातून, म्हणजे जुन्या गावातून, विजापूर रोडला आलो. दोन्हीकडचं पाणी प्यालोय, आणि पाण्याचा विषय पुढे येणारच आहे.

आधी जुन्या घराचं जे खरंच चांगलं आहे ते. माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जाड सपाट छताखाली, मे महिना निघतो. बाहेर पारा त्रेचाळीसवर गेला तरी आतल्या खोलीत दुपारी साध्या पंख्यावर झोप लागते. फ्लॅटमध्ये ते सुख नाही. त्यातून वरच्या मजल्याचा घेतलात तर रात्री अकरालाही स्लॅब तापलेलीच असते. म्हणून फ्लॅट घ्यायचाच तर मधला मजला, हे माझं ठाम मत.

दुसरं म्हणजे माणसं. कसब्यात कोथिंबीर आणायला निघालेला माणूस तासाभरानं परततो. एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलणं झालेलं असतं, कुणाच्या तरी ओट्यावर चहाही झालेला असतो. मुद्दाम व्यायाम करायची गरज पडत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचे सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, हिरेहब्बू वाड्यातून निघतात, तेव्हा तर घर सोडून कुठं जायचंच नसतं. पाहुणेच आपल्याकडे येतात. फ्लॅटवरून मिरवणुकीला रिक्षा करून जावं लागतं, आणि रिक्षा करून गेलेला माणूस पाहुणाच असतो.

फिरण्याच्या बाबतीत मात्र मला दोन्ही सारखेच वाटतात. गावात सिद्धेश्वर तलाव, इकडे संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव. वयस्कर माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम गतीनं चालावं आणि जोडीला तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालणं दोन्हीकडे जमतं. कंबर तलावावर हिवाळ्यात पक्षी जास्त दिसतात, सिद्धेश्वरला ओळखीचे जास्त भेटतात. तुम्हाला काय हवं ते तुम्ही बघा. हिराचंद नेमचंद वाचनालयाची सवय असेल तर गावातलं घर सोयीचं, हेही खरं.

आता पाणी. शहराला जिथून पाणी येतं ती उजनी, टाकळी, हिप्परगा ही नावं सोलापूरकराला सांगायला नकोत. चार-पाच दिवसांनी नळ येतो, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, हेही सगळ्यांना ठाऊक. चाळिशीत याचं काही वाटत नाही. त्रास निवृत्तीनंतर कळतो, कारण दिवसभर घरात आपणच असतो आणि पाण्याची ड्यूटी आपोआप आपल्याकडे येते. आमच्या भागात नळ बहुतेक रात्री यायचा. दीड-दोनला दाराबाहेरून हाक, "ओ अण्णा, नळ सुटलाय बघा की!" उठायचं, पहिलं गढूळ पाणी जाऊ द्यायचं, मग हौदात पाइप सोडायचा. मोटारीनं हवा धरली की तांब्यानं पाणी ओतून ती पुन्हा चालू करायची. मग गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला अरुंद दगडी जिना चढायचा, तोही एका हातात बॅटरी घेऊन. खाली शहाबादी फरशी ओलीचिंब झालेली असायची. तिच्यावरून तरुण माणूसही जपून चालतो.

झोप मोडली की दुसऱ्या दिवशी माझं ब्लडप्रेशर चढलेलं असायचं. याचा तक्ता मी ठेवलेला नाही, पण सौभाग्यवतींच्या ते आधी लक्षात आलं होतं. आणखी एक भानगड म्हणजे सगळे बेत पाण्याच्या वाराला बांधलेले. अक्कलकोटला मुक्काम करायचा तर आधी हिशेब, नळ कधी येणार? नोकरीत साहेबाकडून रजा घेत होतो, आता नळाकडून घ्यायची वेळ आली. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

फ्लॅटमध्ये पाणी जादूनं येत नाही, तिथंही तोच नळ. पण खाली मोठी भूमिगत टाकी असते, बोअर असते, मोटार वॉचमन लावतो. नळ आला की नाही हे मला आता सकाळी ग्रुपवर कळतं, तेही वाचलं तर. बोअरचं पाणी जड, डाळ शिजायला वेळ लागतो, नळांवर पांढरे थर चढतात. एप्रिल-मेमध्ये टँकरची वर्गणी वेगळी. पण रात्री मी झोपलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. जुन्या घरातच राहायचं असेल तर संडास-बाथरूम आतल्या बाजूला घ्या, कमोड बसवा, भिंतीला धरायला दांडे लावा. या वयात पडणं सगळ्यात महागात पडतं. फ्लॅटला लिफ्ट आहे, पण लाइट गेल्यावर ती चालते का ते विचारा. घर विकून फ्लॅट घेणार असाल तर वारसांच्या सह्या आणि उतारा आधी नीट करा. दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेतलं तर भांडवली नफ्यावर सवलत मिळू शकते. सीएला विचारून घ्या. आणि बँकेतून निवृत्त झालात हे सोसायटीत सांगू नका, लगेच खजिनदार करतात. अर्थात त्या निमित्तानं माझी सगळ्या इमारतीशी ओळख झाली, हेही नाकारत नाही.

ज्यांच्या घरात मुलगा-सून आहेत, रात्री उठायला तरुण हात आहेत, त्यांनी कसबा सोडू नये असं मला वाटतं. पण नवरा-बायको दोघंच असाल, गुडघे कुरकुरत असतील, तर माझा कौल फ्लॅटकडे.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा नळ येऊन तीन-चार दिवस झालेले असतील असा दिवस निवडा. बिल्डरचा माणूस बाल्कनीतून दिसणारा देखावा दाखवत असेल, तेवढ्यात बाथरूममध्ये जाऊन नळ सोडा आणि धार किती वेळ टिकते ते बघा.