जयगाव-फुंटशोलिंग: आठ महिने वेशीवर राहिल्यानंतर

भूतानला निघालेली माणसं सीमेवरच्या जयगावात एक रात्र कशीबशी काढतात, सकाळी कमानीसमोर फोटो घेतात आणि थिंफूच्या गाडीत बसतात. मी तिथे आठ महिने राहिले. भूतानातून डोलोमाइट आणि दगड घेऊन उतरणाऱ्या ट्रकांच्या बिल्ट्या आणि कस्टमचे कागद सांभाळायचं माझं काम. भाड्याची खोली जयगावात, आणि सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप पलीकडे, भूतानातल्या फुंटशोलिंगला.

दोन गावांच्या मध्ये एक भिंत आणि एक कमान. अलीकडे पश्चिम बंगालचा अलिपूरद्वार जिल्हा: टोटोंचे, म्हणजे ई-रिक्षांचे, भोंगे, चिखल, होलसेलची दुकानं. पलीकडे तुम्ही झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवलात की गाडी थांबते. पहिल्या आठवड्यात मी थांबलेल्या गाडीकडे बघत उभी राहायची आणि ड्रायव्हर माझ्याकडे बघत.

आता कागदांचं, कारण माणसं अडकतात ती तिथेच. मार्च २०२० पूर्वी आपले लोक कमानीखालून सहज चालत जात, आणि ज्यांनी तेव्हा भूतान केलंय ते अजून तोच सल्ला देतात. तो ऐकू नका. २३ सप्टेंबर २०२२ ला सीमा पुन्हा उघडली ती नव्या नियमांसह. आता पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे आणि ओळखपत्र लागतं. भारतीयांसाठी ते म्हणजे किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ मतदान कार्ड. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. आधार चालत नाही. हे मी नाशिकच्या आत्याला फोनवर तीनदा सांगितलं होतं.

"आत्या, मतदान कार्ड घेतलंस ना?"

"अगं, आधार आहे, पॅन आहे, लॅमिनेट करून आणलंय सगळं!"

मतदान कार्ड नाशिकच्या कपाटात. बिचारीने दोन दिवस माझ्या खोलीच्या गच्चीवरून भूतान पाहिला. रात्री समोरच्या डोंगरावर दिवे लागले की विचारायची, "ते तिकडचे का गं?"

फुंटशोलिंगमध्येच, ठरलेल्या हद्दीत फिरून २४ तासांच्या आत परतणार असाल तर एसडीएफ, म्हणजे तो गाजलेला शाश्वत विकास शुल्काचा प्रकार, लागत नाही. पारो-थिंफूला वर जायचं असेल तर परमिट काढावं लागतं, आधी ऑनलाइन किंवा तिथल्या इमिग्रेशनमध्ये, आणि भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये भरावे लागतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना काही नाही. चार जणांच्या कुटुंबाचा पाच रात्रींचा आकडा हॉटेल ठरवण्याआधीच मांडून बघा. माझ्याकडे आलेल्या दोन कुटुंबांनी तो जयगावात पोचल्यावर मांडला, आणि मग चेहरे बघवत नव्हते. परमिट ऑनलाइन काढून या. रांगेत उभं राहायची हौस असेल तरच तिथे काढा.

आणखी एक गंमत. भूतान आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. पण कमानीपलीकडे गेल्यावरही फोन बराच वेळ भारताचाच टॉवर धरून बसतो आणि वेळ भारताचीच दाखवतो. साडेबाराला निवांत पोचावं, तर तिथे एक वाजलेला आणि खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला. माझं हे दोनदा झालं. शेवटी मी मनगटावर जुनं घड्याळ बांधायला लागले, अर्धा तास पुढे लावून.

पैशाचं सोपं आहे. भूतानचं ङुल्त्रुम आणि आपला रुपया एकास एक. जयगावात भूतानच्या नोटा बिनदिक्कत चालतात, फक्त उरलेल्या खर्चून टाका. जवळचं हासीमारा स्टेशन ओलांडलं की त्या कोणी हातात घेत नाही.

राहायचं कुठे? स्वस्तात जयगाव, झोपेसाठी फुंटशोलिंग. पहिला आठवडा मी जयगावच्या एका हॉटेलात होते. ॲपवर "कमानीचा देखावा" लिहिलेलं. खिडकी उघडली तर खाली जनरेटर, आणि कमान दिसायची ती बाथरूमच्या झरोक्यातून, तीही स्टुलावर चढून. गाद्यांना पावसाळी कुबट वास. तेव्हापासून एकच नियम: आधी खोली बघायची, उशीला नाक लावायचं, मग पैसे. मागच्या गल्लीतली खोली मागा, कारण मेन रोडला ट्रक पहाटेपासून सुरू. बागडोगरा विमानतळाहून गाडीने चारेक तास लागतात, चहाचे मळे आणि जलदापाऱ्याच्या जंगलातून. अंधार पडल्यावर पोचणार असाल तर ती रात्र जयगावातच काढा, उगाच धावू नका. दुपारपर्यंत पोचलात आणि कागद हातात असले तर सरळ पलीकडे जाऊन झोपा. महाग पडतं, पण कुत्री सोडली तर आवाज नाही.

फुंटशोलिंगला लोक "बघण्यासारखं काही नाही" म्हणतात. गावाच्या मधोमध झांग्तो पेल्री मंदिर आहे. संध्याकाळी आज्या माळ ओढत प्रदक्षिणा घालतात आणि प्रार्थनाचक्रं फिरवत एकमेकींशी गप्पा मारतात, अगदी आपल्या देवळाच्या ओट्यासारख्या. वर खरबंदी गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, १९६७ सालचा. तिथून अमोछू, म्हणजे आपली तोरसा, डोंगरातून सुटून बंगालच्या सपाटीवर पसरताना दिसते. मगरींचं केंद्र मुलं बरोबर असतील तरच. आणि एमा दात्शी खा. आपल्याकडे मिरची चवीला घालतात, इथे मिरचीचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली, लाल भाताबरोबर. ठेच्यावर वाढलेल्या माझ्याही डोळ्यांत पहिल्या दिवशी पाणी आलं.

जून ते ऑगस्ट येऊ नका. गाव जेमतेम ३०० मीटर उंचीवर, त्यामुळे उकाडा तुफान, आणि पाऊस असा की वरच्या रस्त्यावर दरड कधी येईल नेम नाही. त्याच रस्त्यावरच्या गेडूच्या धुक्यात पुढचा ट्रक दिसत नाही, हे आमचेच ड्रायव्हर सांगायचे.

आत्या ऑक्टोबरात परत आली. मतदान कार्ड गळ्यातल्या पाकिटात, आणि पिशवीत अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी. "तिकडे सगळ्यात चीज घालतात म्हणे," म्हणाली.