मेलबर्नमध्ये मूल कुठे ठेवायचं? सेंटर, फॅमिली डे केअर की किंडर: फी आणि सीसीएसचा हिशोब

एकाच रस्त्यावर दोन चाइल्डकेअर सेंटर्स आहेत आणि दोन्हींची फी दिवसाला १५० डॉलर आहे असं धरा. पाच दिवस मूल ठेवणाऱ्या घराला वर्षाकाठी त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा चार हजार डॉलरनी महाग पडू शकतं. कारण एक जण १० तासांचं सेशन (म्हणजे बिलात धरलेले दिवसाचे तास) लावतो आणि दुसरा १२ तासांचं. टूरला गेलेले आईबाप जेवण, खेळणी, झोपायची खोली सगळं विचारतात, पण हा प्रश्न राहून जातो.

आधी सरकारी मदत कशी मोजतात ते बघू. चाइल्ड केअर सबसिडी, म्हणजे सीसीएस, तीन गोष्टींवर ठरते: कुटुंबाचं उत्पन्न, तासाच्या फीवरची सरकारी कमाल मर्यादा, आणि पंधरवड्याला मंजूर झालेले तास. पुढचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. उत्पन्नाच्या आणि फीच्या मर्यादा दर जुलैमध्ये बदलतात.

कुटुंबाचं उत्पन्न ८५,२७९ डॉलरपर्यंत असेल तर ९० टक्के मिळतात. त्यापुढे दर ५,००० डॉलरमागे एक टक्का कमी होत जातो आणि ५,३५,२७९ डॉलरला सबसिडी शून्यावर येते. दोघांचं मिळून १,५०,००० असेल तर साधारण ७७ टक्के. इथे उत्पन्न म्हणजे पे-स्लिपवरचा आकडा नव्हे. नोव्हेटेड लीजवर (कंपनीमार्फत पगारातून हप्ते कापून) घेतलेल्या गाडीचा रिपोर्टेबल फ्रिंज बेनिफिट (कंपनीने टॅक्ससाठी कळवलेली पगाराबाहेरची सवलत) त्यात धरतात, सॅलरी सॅक्रिफाइस करून, म्हणजे टॅक्सआधीच्या पगारातून, सुपरमध्ये (निवृत्ती फंडात) टाकलेले पैसे धरतात, निगेटिव्ह गिअरिंगचा (भाड्याने दिलेल्या घरावरचा) वजा केलेला तोटा उत्पन्नात परत जोडतात, आणि पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं किंवा भारतातल्या एफडीचं व्याजही मोजतात. इलेक्ट्रिक गाडीला एफबीटी (फ्रिंज बेनिफिटवरचा टॅक्स) माफ आहे म्हणून ती इथेही धरत नसतील, असं समजणारे वर्षअखेरीला अडकतात.

सेंटरसाठी तासाची मर्यादा शाळेच्या वयाखालच्या मुलाला १४.६३ डॉलर, फॅमिली डे केअरसाठी १३.५६. फी त्याहून जास्त असेल तर वरचा सगळा भाग तुमच्या खिशातून जातो.

तासांचा नियम ५ जानेवारी २०२६ पासून सोपा झाला. सीसीएसला पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला पंधरवड्याला किमान ७२ तास मिळतात, आईबाप काम करोत वा न करोत. दोघंही पंधरवड्याला ४८ तासांहून जास्त काम, शिक्षण वगैरे करत असतील तर १०० तास. दोघांपैकी ज्याचे तास कमी, त्याचेच धरले जातात.

आता त्या दोन सेंटर्सकडे वळू. फी १५०, सबसिडी ७७ टक्के. शिवाय मिळणाऱ्या सबसिडीतले ५ टक्के सरकार हिशोब पूर्ण होईपर्यंत राखून ठेवतं. हे सगळं धरून पंधरवड्याची गॅप फी, म्हणजे प्रत्यक्ष खिशातून जाणारी रक्कम, डॉलरमध्ये अशी येते:

| आठवड्याला | मंजूर तास | १० तासांचं सेशन | १२ तासांचं सेशन |
|---|---|---|---|
| ३ दिवस | ७२ | २५८ | २४२ |
| ४ दिवस | ७२ | ४२९ | ५४२ |
| ५ दिवस | १०० | ४३० | ५८६ |

तीन दिवसांच्या ओळीत १२ तासांचं सेशन थोडं स्वस्त दिसतं. १५० ला १२ ने भागलं की तासाला १२.५० पडतात, म्हणजे पूर्ण फी मर्यादेच्या आत बसते. १० तासांच्या सेशनला तासाचे १५ होतात आणि वरचे ३७ सेंट सबसिडीबाहेर राहतात. पण दिवस वाढले की चित्र उलटतं. मूल साडेआठ ते साडेपाचच तिथे असलं तरी सेशन १२ तासांचं असेल तर १२ तासच वजा होतात. पाच दिवसांचे पंधरवड्याला १२० तास झाले, मंजूर १००, मग उरलेल्या २० तासांना पूर्ण फी. आणि तास दुसऱ्या आठवड्यात संपतात, त्यामुळे एका आठवड्याचं बिल ठीक आणि पुढच्याचं अचानक फुगलेलं येतं. ही बहुतेक वेळा सेंटरची चूक नसते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतले १० तासांचे आकडेही जोडीने बघा. १०० तास मिळवणाऱ्या घराला पाच दिवस जेवढ्यात पडतात, जवळजवळ तेवढ्यातच ७२ तासवाल्याला चार पडतात. म्हणून जोडीदाराचं काम किंवा कोर्स ४८ तासांच्या सीमेवर असेल तर ती माहिती मायगव्ह या सरकारी ऑनलाइन खात्यावर वेळच्या वेळी बदलणं फायद्याचं.

काही सेंटर्स ९ तासांचं सेशनही देतात. फी तीच ठेवून फक्त तास कमी केले असतील तर उपयोग नाही. चार दिवसांचे बरोबर ७२ तास होतात खरे, पण तासाचा दर १६.६७ वर जातो, मर्यादा आड येते आणि गॅप ४२९ च राहते. ९ तासांना फी कमी होते का, हे विचारूनच ते घ्या.

फॅमिली डे केअर म्हणजे नोंदणीकृत एज्युकेटरच्या घरी सांभाळ. एका वेळी जास्तीत जास्त सात मुलं, त्यातली शाळेच्या वयाखालची चारच. इथे फी बहुधा तासावर असते, म्हणून गरजेपुरते तास घेता येतात. तासाला १३ डॉलर, दिवसाला आठ तास, आठवड्याला चार दिवस असा हिशोब केला तर वरच्याच कुटुंबाला पंधरवड्याला सुमारे २२३ डॉलर गॅप येते आणि ७२ पैकी ६४ च तास खर्च होतात. सेंटरच्या तुलनेत हा फरक डोळे उघडणारा आहे. एज्युकेटर भारतीय असेल तर दुपारी वरण-भातही मिळतो. अडचण एकच, पण मोठी: ती आजारी पडली किंवा सुट्टीवर गेली की त्या दिवशी सोय नाही. सेंटरमध्ये बदली शिक्षिका येते, इथे तुम्हालाच रजा टाकावी लागते. दोघांपैकी एकाला घरून काम करता येत असेल तर आमचा कौल फॅमिली डे केअरला. दोघंही हॉस्पिटलच्या शिफ्टमध्ये असतील तर सेंटर बरं. आणि ओळखीतल्या काकू रोख पैशात मूल सांभाळत असतील तर त्यावर सीसीएस नाही. सांभाळणारी व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेशी जोडलेली असावी लागते.

तिसरा पर्याय सेशनल किंडर, म्हणजे शाळेआधीचा ठरावीक तासांचा वर्ग. व्हिक्टोरियात २०२३ पासून तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी फ्री किंडर आहे. चार वर्षांच्या वर्गाला आठवड्याला किमान १५ तास मिळतात. पण ते शाळेच्या टर्मप्रमाणे चालतं, दिवस अडीच-तीन वाजता संपतो आणि सुट्ट्यांत बंद. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या दोघांना ते एकट्याने पुरत नाही. त्यांनी किंडरचा वर्ग असलेलं सेंटर शोधावं. तिथे राज्य सरकारची किंडरची रक्कम बिलातून कापली जाते आणि सीसीएसही चालू राहतं. मात्र किंडरचा निधी एका वेळी एकाच ठिकाणी लागतो, म्हणून मूल दोन ठिकाणी जात असेल तर कुठे लावायचा ते लेखी कळवा.

व्हिसाचं आधीच सांगायला हवं होतं, कारण अनेकांचा निर्णय तिथेच होतो. सीसीएस मुख्यतः नागरिकांना, पीआरवाल्यांना (कायम रहिवाशांना) आणि इथे राहणाऱ्या न्यूझीलंडच्या नागरिकांना मिळतं. ४८२ (कंपनीने बोलावलेल्यांचा), ४८५ (शिक्षण संपल्यानंतरचा तात्पुरता) किंवा स्वखर्चाने शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या ५०० व्हिसावर मिळत नाही, म्हणजे १५० चे पूर्ण १५०. फ्री किंडरला मात्र नागरिकत्वाची अट नाही. ४८२ वर आलेल्या आणि मूल तीन वर्षांच्या पुढे असलेल्या घरांनी सेंटरच्या पाच दिवसांऐवजी सेशनल किंडर आणि उरलेल्या वेळेला तासावारी सांभाळ असा मेळ घालून बघावा. तोवर आजी-आजोबांना बोलावणं हा आपला जुना उपाय आहेच. त्यांच्या प्रवासाचा आणि आरोग्य विम्याचा खर्च धरूनही कित्येकदा तो स्वस्त पडतो.

पीआर असेल तर अर्ज मायगव्हवरून सेंटरलिंकमध्ये (सरकारी मदत देणाऱ्या सेवेकडे) करायचा. मंजुरीनंतर तुमचा आणि मुलाचा सीआरएन (सेंटरलिंकचा ग्राहक क्रमांक) सेंटरला द्या. सेंटर एनरोलमेंट पाठवतं आणि ते तुम्ही मायगव्हवर ‘कन्फर्म’ करायचं असतं. हे बटण दाबायचं राहिलं की सबसिडी थांबते आणि पूर्ण फीचं बिल येतं. दुसरा नेहमीचा खोडा नावाचा: पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, सेंटरच्या फॉर्मवर नाही, जन्मतारखेत दिवस-महिना उलटे. सेंटरलिंककडे जसं नोंदलंय तसंच्या तसं लिहा. सबसिडी अर्जाच्या तारखेआधी फक्त २८ दिवस मागे जाते. भारतातल्या लसींची कार्डं जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नेऊन ऑस्ट्रेलियाच्या लसीकरण रजिस्टरवर चढवून घ्या, राहिलेल्या लसींचं वेळापत्रक लावून घ्या, त्याशिवाय सीसीएस मिळत नाही.

पैसे सरकार थेट सेंटरला देतं, तुम्ही फक्त गॅप भरता. १ जुलै २०२३ पासून ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच भरावी लागते, रोख चालत नाही. उत्पन्नाचा अंदाज थोडा जास्तच लिहावा. कमी लिहिला तर टॅक्स रिटर्ननंतर देणं निघतं आणि राखून ठेवलेले ५ टक्के त्यात जातात. दोघांनी रिटर्न वेळेत भरलं नाही तर सबसिडी बंदच होते.

दोन मुलं पाच वर्षांची किंवा त्याहून लहान असतील आणि उत्पन्न ३,६७,५६३ डॉलरच्या आत असेल तर धाकट्याचा टक्का वाढतो, कमाल ९५ पर्यंत. थोरलं सहा वर्षांचं झालं की हा जादा टक्का जातो. बजेट करताना ती तारीख आत्ताच लिहून ठेवा.

गैरहजेरीचे प्रत्येक मुलाला आर्थिक वर्षात ४२ दिवस मिळतात. भारतात पाच आठवडे गेलात आणि मूल आठवड्याला तीन दिवस जात असेल तर १५ दिवस खर्च होतात. सबसिडी चालू राहते, पण गॅपही भरावी लागते. सार्वजनिक सुट्टीच्या दिवसाचीही फी बरीच सेंटर्स लावतात, त्यामुळे निवड असेल तर सोमवार टाळा.

करारावर सही करण्यापूर्वी सेशनचे तास, सुट्टीत सवलत, डिपॉझिट, उशिरा नेल्याचा दंड आणि सोडण्याची नोटीस एवढं लेखी मागून घ्या. फी आणि गुणवत्तेचं मानांकन ‘स्टार्टिंग ब्लॉक्स’ या सरकारी साइटवर ताडून बघता येतं. सोडताना नोटीसच्या शेवटच्या दिवशी मुलाला प्रत्यक्ष न्या. मूल शेवटचं हजर होतं त्यानंतरच्या गैरहजेरीवर सहसा सबसिडी लागत नाही आणि ते दिवस पूर्ण फीने बिलात येतात.