प्लेनर स्पीकर, ८ महिन्यांनंतर: घ्यायच्या आधी खोली मोजा

दिवाळीत प्लेनर मॅग्नेटिक स्पीकरची जोडी घेतली, ८ महिने रोज ऐकतोय, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही कारण जे तोटे सांगतोय ते या प्रकाराचेच आहेत. यात पेटी नाही, कोन नाही, नुसती पातळ प्लॅस्टिक फिल्म, तिच्यावर चिकटवलेली ॲल्युमिनियमची तार आणि जवळ चुंबकांच्या पट्ट्या. १९६९ मध्ये मिनेसोटात जिम विनी यांनी मॅग्नेपान ही स्पीकर कंपनी काढली तेव्हापासून मूळ कल्पना हीच.

सगळ्यात मोठी अडचण मागची भिंत. फिल्म जेवढा आवाज पुढे टाकते तेवढाच मागेही टाकते, तोही उलट्या फेजमध्ये (पुढची लाट ढकलते तेव्हा मागची ओढते), आणि तो भिंतीवर आपटून परत पुढच्यात मिसळतो. माझी खोली ११ बाय १४ फूट, पुण्यातल्या टू बीएचकेमधली छोटी बेडरूम. आधी दीड फुटावर उभे केले तर गाणं इतकं पोकळ की एवढे पैसे घालून हे काय केलं म्हणून दोन रात्री झोप नाही, मग रोज थोडे थोडे ओढत १ मीटरवर आणले तेव्हा आवाज मोकळा झाला. पण १ मीटरला मागची लाट २ मीटर जास्त फिरून येते, म्हणजे १७० हर्ट्झच्या आसपासच्या सुरांत दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात आणि आवाजात खड्डा पडतोच. अजून पुढे ओढले तर मला बसायला जागा नाही.

दुसरं म्हणजे बेस. सासरे तबला वाजवायचे, पहिल्याच दिवशी म्हणाले, "तबल्याच्या काठावरची चाट स्वच्छ आहे, पण डग्ग्याला घुमारा नाही." अगदी बरोबर. खालच्या सुरांत मागची लाट पॅनेलच्या कडेवरून वळून पुढचीला मारते, माझ्याकडे ५० हर्ट्झच्या खाली फारसं काही उरत नाही. सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) जोडला तर तो पंधरा दिवस वेगळाच वाजत होता, क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खाली सबवूफर काम घेतो ती सीमा) ५५ हर्ट्झवर आणून लेव्हल बरीच कमी केली तेव्हा कुठे डग्गा आणि तबला एकाच माणसाच्या हातात आले.

अँप्लिफायरचा खर्चही धरा. कंपनीच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी (ठराविक ताकदीला किती मोठा आवाज) ८६ डीबी दिसेल, पण ते २.८३ व्होल्टला, आणि ४ ओहमवर तेवढ्याला २ वॉट जातात, म्हणजे १ वॉटला ८३च, म्हणून अँप ताकदवान लागतो. माझा जुना रिसीव्हर (त्यातच अँप असतो) द्रुत सुरू झालं की प्रोटेक्शनमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा. शेवटी तो बदलला.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच, ऐकायची नीट जागा एकच आहे. बायको शेजारी बसली की तिला एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो, म्हणून आम्ही अर्धा राग झाला की जागा बदलतो.

तरी विकणार नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला की तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजणारी झणकार) तारेगणिक वेगळी ऐकू येते आणि आवाज खोलीत कुठून येतोय हेच कळत नाही, हे मला आधीच्या पेटीवाल्या स्पीकरमध्ये कधी मिळालं नाही.

सेकंडहँड बघत असाल तर तारेचा गोंद सुटलेला नाही ना बघा, मोठ्या आवाजात खरखर येते. आणि घ्यायच्या आधी त्याच मापाचे दोन पुठ्ठे कापून भिंतीपासून ३ फुटांवर आठवडाभर उभे ठेवा, दार उघडतंय का, कपाट उघडतंय का, घरातल्यांना चालतंय का बघा आणि मगच पैसे भरा.