जीआरईची तयारी: काही महिने पॉवरप्रेप वापरल्यानंतर

जीआरईसाठी, म्हणजे परदेशात मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेसाठी, काय वापरावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता पक्कं आहे: आधी पॉवरप्रेप, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेचाच ऑनलाइन सराव, बाकी सगळं नंतर. त्यात दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात. घड्याळ, कॅल्क्युलेटर, प्रश्नाला खूण करून परत येण्याची सोय, सगळं खऱ्या परीक्षेसारखंच. पहिला सेक्शन चांगला गेला की दुसरा अवघड येतो, तेही इथे अनुभवता येतं.

सप्टेंबर 2023 पासून परीक्षा पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली. पण क्वांटच्या, म्हणजे गणिताच्या, पहिल्या सेक्शनमध्ये 21 मिनिटांत 12 प्रश्न असतात, त्यामुळे एका प्रश्नात अडकलं की पुढचं गणित कोलमडतं.

खरी मजा तुलनेच्या प्रश्नांत आहे. 'क्ष' शून्यापेक्षा मोठा आहे, एवढंच दिलेलं. एकीकडे 'क्ष'चा वर्ग, दुसरीकडे नुसता 'क्ष'. मोठं कोणतं? 2 घातला तर वर्ग मोठा, 1 घातला तर दोन्ही सारखे, अर्धा घातला तर वर्गच लहान! म्हणजे उत्तर, 'ठरवता येत नाही'. गणित शाळेतलंच, पण अपूर्णांक आठवायला हवा. ही सवय मला या सरावानेच लागली आणि ती फार मोलाची वाटते.

व्हर्बलसाठी, म्हणजे इंग्रजीच्या भागासाठी, मी एक पैसे भरून घ्यायचं ॲपही वापरलं. शब्द भरपूर पाठ झाले, पण त्यातले प्रश्न ढिले होते. दोन-दोन पर्याय बरोबर वाटायचे आणि स्पष्टीकरण वाचूनही पटायचं नाही. ईटीएसच्या प्रश्नांत तसं होत नाही. रिकाम्या जागेचा धागा वाक्यातच असतो, बहुतेकदा एखाद्या 'जरी' किंवा 'उलट'मध्ये दडलेला. तो सापडेपर्यंत मी पर्यायांकडे बघतच नाही. तीन जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी गुण शून्य, म्हणून अंदाजपंचे चालत नाही.

उणिवाही आहेत. मोफत परीक्षेत निबंधाला गुण मिळत नाहीत. तीच परीक्षा पुन्हा दिली तर प्रश्नही तेच येतात, मग आलेला स्कोअर फुगलेला असतो. म्हणून एक परीक्षा सुरुवातीला द्यावी आणि दुसरी शेवटच्या आठवड्यांसाठी हात न लावता ठेवावी. पैसे खर्चायचेच असतील तर आणखी एखादं ॲप घेण्यापेक्षा पॉवरप्रेप प्लस, म्हणजे ईटीएसच्याच पैसे भरून मिळणाऱ्या सराव परीक्षा, घ्यावं.