ड्रोन दीदीची फवारणी: सोयाबीनला बोलवा, संत्र्याला नको

नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांना मिळालेले ड्रोन नागपूरच्या आसपासच्या वावरांत एकरी तीनशे ते पाचशे रुपयांत फवारून देतात. सोयाबीन, तूर आणि कोवळ्या पऱ्हाटीसाठी (कपाशीसाठी) हे पैसे वसूल होतात.

पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाने एकरभर पऱ्हाटी फवारायची म्हणजे बारा पंप, १८० लिटर पाणी. विहिरीवरून ते वाहून आणणारी बहुतेक घरची बाईच असते आणि तिची मजुरी खर्चात कोणी धरत नाही. ड्रोनला एकरी १० लिटर पाणी पुरतं, वेळ सात ते दहा मिनिटं. शिवाय औषधाच्या तुषारात कोणाला चालावं लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. एवढ्या एका कारणासाठीही ही सेवा घ्यावी.

घोळ होतो तो मात्रेत. आपल्याकडे ‘पंपाला किती?’ असंच विचारतात. तुडतुड्यांसाठी फ्लोनिकामिड हे कीटकनाशक एकरी ६० ग्रॅम लागतं, म्हणजे बारा पंपांत पंपाला ५ ग्रॅम. ड्रोनच्या १० लिटरच्या टाकीत मात्र एकराचे पूर्ण ६० ग्रॅम गेले पाहिजेत. पाणी घटतं, औषध नाही. टाकीला पंप समजून ५ ग्रॅम टाकले तर तुडतुडे जागेवरच राहतात आणि दोष ड्रोनच्या माथी येतो. औषध आधी बादलीत नीट विरघळवून, कापडातून गाळूनच टाकीत ओतावं. इतक्या थोड्या पाण्यात दोन-तीन औषधं आणि वर विद्राव्य खत घातलं की मिश्रण फाटतं, नोझल तुंबतं आणि वावरात कोरडे पट्टे राहतात. त्याच प्रमाणातलं मिश्रण काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवून पाहा. गाळ बसला तर वेगवेगळं फवारा.

वारामापक आणि पाण्याची आम्लता मोजणारं पीएच मीटर ड्रोनसोबत योजनेच्या संचातच येतात. दीदी, म्हणजे गटातली ड्रोन उडवणारी बाई, ते बाहेर काढते का, हे पाहा. ड्रोन शेंड्यापासून दीड-दोन मीटरवर असावा; त्याहून वर गेला की औषध धुऱ्यापलीकडे उडतं. शेजारी मधपेट्या किंवा शेततळं असेल तर आधीच सांगा.

संत्र्याला ड्रोन नको, याचं कारण साधं आहे. काळी माशी पानाच्या मागे बसते आणि घट्ट घेराच्या झाडात ड्रोनचे थेंब वरच्याच पानांवर अडतात. ओळी मिळालेल्या दाट पऱ्हाटीत पांढऱ्या माशीचंही तेच. तिथे जास्त दाबाने फवारणारा एचटीपी पंपच हवा.

एक गोष्ट खटकते. काही ठिकाणी ड्रोन गटाच्या नावावर असतो, पण रिमोट घरातल्या पुरुषाच्या हातात. १५ दिवसांचं प्रशिक्षण आणि पायलटचं प्रमाणपत्र जिचं, उडवायचा तिनेच. प्रमाणपत्र बघायला मागा आणि भाडं गटाच्या खात्यात भरा. गावातल्या आयटीआय झालेल्या पोरापोरींना बॅटरी आणि नोझलची दुरुस्ती शिकवली तर ऐन हंगामात ड्रोन बंद पडून राहणार नाही. आज सेवेची सगळ्यात लंगडी बाजू ही दुरुस्तीच आहे.

बुकिंग एकट्या दोन एकरांसाठी करू नका. संच दिवसाला २० एकरांच्या हिशेबाने दिलेला आहे, म्हणून लागून असलेल्या कास्तकारांनी मिळून दहा-पंधरा एकर एकाच दिवशी ठेवावेत. तेवढ्यासाठी दीदी जनरेटर घेऊन सकाळीच येते आणि ऊन चढायच्या आत बरंचसं काम आटोपतं.